घाम न दाखवणारा सदरा

वडूजच्या मैदानावर गावोगाव मंतरलेले सदरे विकणाऱ्या वरुणबापूंनी निळ्या सदऱ्यावर तांब्याभर पाणी ओतले. पाण्याचे गोल थेंब झाले, घरंगळले आणि मातीत गेले. सदरा कोरडाच राहिला. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली आणि त्यांचे पालक हात जोडून उभे राहिले.

"घाम म्हंजे गळणारी ताकद," बापू म्हणाले. "मी मंत्रानं कापडाची समदी भोकं बांधल्यात. आता ताकद भाईर जाईल कुठनं?"

पीरमहंमद शिंप्याने उभे आयुष्य कापडात घालवले होते. तरी मुलीसाठी, नूरीनसाठी, सदरा घेणाऱ्यांत तोच पहिला. पुढच्या आठवड्यात साताऱ्याला तिची धावण्याची चाचणी होती. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी.

वैशाखाच्या उन्हात नूरीन तो सदरा घालून धावू लागली. सराव घेणारे निवृत्त सुभेदार उदयसिंह, सगळ्या गावाचे मेजर, कौतुकाने पाहत होते.

"मेजर, आतनं लय उकडतंय," ती पुढून जाताना म्हणाली.

"सदऱ्याकडं बग. थेंब तरी हाय का? पळ."

पुढच्याच वळणावर नूरीन अडखळली, बसली आणि ओकली.

"ताकद अंगात मावंना," बापूंनी निदान केले. "लय चांगलं लक्षण."

हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या कस्तुरी मॅडम धावत आल्या. बायकांनी साडीचा आडोसा धरला. मॅडमनी सदरा उतरवून ओला पंचा नूरीनच्या अंगावर टाकला, तिला वारा घालायला सांगितले आणि डॉक्टरांना बोलावले. मग आडोशाबाहेर येऊन त्यांनी सदरा उलटा करून पिळला. घामाची धार लागली.

मॅडमनी बापूंचा दावा तपासायला आणलेली एक डबी पिशवीतून काढली, आपल्या रुमालावर फवारली आणि रुमाल उन्हात वाळवला. त्यावर पाणी ओतताच तसेच थेंब घरंगळले.

"पावसाळ्यात बुटांवर मारायचा फवारा आहे. सांगलीत दुकानात मिळतो."

"त्याला श्रद्धा लागती," बापू पुटपुटले.

"रुमालाला नाही लागली."

मेजर खाली बघत म्हणाले, "पर बाई, घामानं माणूस थकतोच की."

"घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, मेजर. साधं पातळ कापड घाम टिपतं, पसरवतं. मग वारा तो वाळवतो. हा लेप पाणी बाहेरून आत येऊ देत नाही, तसंच आतला घामही बाहेर पसरू देत नाही. पावसात, गार वाऱ्यात तो उपयोगाचा. या उन्हात धावणाऱ्याचा त्यात जीव जाईल."

पीरमहंमद मुलीच्या उशाशी बसला. "कसं वाटतंय, बेटा?"

सदरा अंगावर चढल्यापासून हे तिला कुणीही विचारले नव्हते.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, आठवड्याने नूरीन पातळ सदऱ्यात साताऱ्याला धावली आणि घामाने निथळत वेळेच्या आत पोहोचली. बापू तोवर दुसऱ्या गावी गेले होते. तेथील लोकांना एवढीच विनंती: थेंब जरूर पाहा; पण ते का घरंगळतात हेही विचारा, आणि सदऱ्याच्या आतल्या माणसाचे म्हणणे आधी ऐका.