वर्षभर पाण्यात

डॉक्टरबाईंनी बरणीतली पहिली काडी चिमट्यात धरली आणि तिचे दोन तुकडे झाले. यंत्राला लावायच्या आधीच.

"मावशी, बरणी पडली होती का?"

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मावशी दुखावल्या. "दर आठवड्याला पाणी बदललंय मी. पोटच्या पोरांना जपलं नसेल इतकं जपलंय."

काढून टाकलेल्या दातांवर नव्या चिकटद्रवाने भराव बसवायचा, त्यांच्या काड्या कापायच्या आणि यंत्राने ओढून तोडायच्या, असा बाईंचा प्रयोग. चोवीस तासांनी काही तोडल्या तेव्हा ताकदीचा आकडा तीसच्या वर गेला होता. उरलेल्या काड्या वर्षभर अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवल्या, तोंडात राहिल्यासारख्या. आज आकडा नऊवर थांबला. मग सातवर. मग अकरावर.

त्या तीसच्या भरवशावर बाईंनी दवाखान्यात त्याच चिकटद्रवाने एकेचाळीस जणांचे दात भरले होते. पहिला होता सख्खा थोरला भाऊ, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा.

त्यांनी त्याला फोन लावला. "दादा, पुढचा दात कसा आहे तुझा?"

"एकदम पक्का! परवाच दोन तास वाजवलं."

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ये."

तो खुर्चीत आडवा होत म्हणाला, "बहिणीला आठवण आली की आधी तोंड उघडा!"

बाईंनी हत्याराचं बारीक टोक भरावाच्या सांध्यात घालून जरासंच ओढलं. अख्खा भराव निखळून हातमोज्यावर पडला. खालचा दात तपकिरी झाला होता.

भावाने जिभेने ती जागा चाचपली. "अगं, वाजवताना घशात गेला असता म्हणजे?"

बाईंनी निखळलेला भराव ट्रेमध्ये ठेवला. "मी एकाच दिवसाचा आकडा पाहिला, दादा. आणि तुझ्या तोंडात घातला."

भावाने विचारलं, "बाकीचे चाळीस?"

त्याने वहीतून नंबर वाचले, बाईंनी फोन केले. पुढच्या दोन आठवड्यांत चौतीस जण आले. नऊ जणांचे भराव सैल निघाले. एक गृहस्थ वाट्टेल ते बोलले. बाईंनी ऐकून घेतलं आणि सगळ्यांचे दात जुन्या, वेळखाऊ पद्धतीने पुन्हा भरून दिले. सहा जण आलेच नाहीत. त्यांना पत्रं गेली.

प्रयोगाचे मार्गदर्शक सर म्हणाले, "चोवीस तासांचे आकडे झकास आहेत. तेवढेच छापा."

"वर्षाचेही छापणार, सर," बाई म्हणाल्या. "आणि आधी तेच."