‘सुलतान जेवले’ म्हणणारा वाडगा

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना वाडगा आहे, आणि माझी हकिगत सांगताना माझी मान खाली जाते.

बुर्साच्या तांबटआळीत हातोडीचे घाव सोसत मी घडलो आणि सुलतानाच्या मुदपाकखान्यात पोहोचलो. शाबान आचारी रोज दुपारी माझ्यातून दह्याचं कढण नेई. सुलतान म्हणत, "शाबान, याच वाडग्यात चव उतरते बघ!" मी फुगून जाई.

एका मोहिमेत शाबान आणि मीही बरोबर होतो; तिथे सुलतान छावणीतच वारले. धाकटा शहजादा इल्यास दोन दिवसांच्या वाटेवर होता; थोरल्या हमजाला निरोप जाऊन तो येईपर्यंत वीस दिवस लागणार. जो आधी पोहोचेल त्याचं तख्त, दुसऱ्याच्या गळ्याला दोरी. वजिराला हमजा हवा होता. त्याने मृत्यू लपवला आणि शाबानला बजावलं, "कढण रोज आत गेलं पाहिजे, वाडगा रिकामा बाहेर आला पाहिजे. नाहीतर तुझी मान जाईल."

शाबान पडद्याआड, त्या थंड देहाशेजारी बसून स्वतःच कढण पिई. त्याची आसवं माझ्यातच पडत.

पाचव्या दिवशी दुराक लाला आला. इल्यासला लहानाचा मोठा करणारा म्हातारा. तिकडे कुणकुण लागून इल्यासचे घोडे खोगीर चढवून उभे होते.

"शाबान, खरं सांग, सुलतान कसे आहेत?"

शाबानने नुसतं मला पुढे केलं.

"वा, चाटूनपुसून साफ!" दुराक हसला. "आणि तुझं पोट किती सुटलंय रे! अर्धं तूच गिळतोस की काय?"

शाबानही हसला. मी त्याच्या हातातून निसटून दगडावर खणकन पडलो. दुराकने मला उचललं, बाहीने पुसलं आणि परत दिलं. मग इल्यासला निरोप धाडला : खोगीर उतरवा, अब्बाजान व्यवस्थित जेवतायत.

हमजा आला, तख्तावर बसला. त्याच्या माणसांना इल्यास आपल्या बागेतच सापडला, आणि दोरी त्याच्या गळ्याला लागली. एकोणीस वर्षांचा होता हो.

दुराक पुन्हा आला. "कढण कोण पीत होतं?"

"मी, लाला."

"चव लागत होती का रे?"

शाबानने चाकरी सोडली आणि मला मशिदीजवळच्या अन्नछत्रात दिलं. तिथे गोरगरीब अल्लाहचं नाव घेऊन मला ओठांना लावतात, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मित्रांनो, मला वेळेवर कल्हई करा, भुकेल्यापुढे ठेवा. पण भरवशाने विचारायला आलेल्या माणसापुढे मला रिकामा धरू नका. मला जीभ नव्हती. तुम्हाला आहे.