होकायंत्राची खाच

२००४ साली जयराम खैरनारांच्या डोक्यात 'इंटरॅक्टिव्ह' हा शब्द शिरला आणि सुवर्णाची झोप उडाली. पंचवटीतल्या त्यांच्या प्रकाशनात पुस्तकांची मांडणी ती एकटीच करायची. बुडालेल्या जहाजाच्या खजिन्याची एक जुनी, गाजलेली साहसकादंबरी आता खास संग्राहकांसाठी निघणार होती. पेटीत पुस्तक, पुस्तकात उलगडणारे नकाशे, लाखेची मोहोर लावलेली पाकिटं. नकाशे जुने दिसावेत म्हणून सुवर्णानं नमुने चहात बुडवले. सकाळपर्यंत मुंग्यांनी सगळा खजिना शोधून काढला. मग बिनसाखरेचा चहा आला.

इथवर निभावलं. पण जयरामरावांना पुस्तकाच्या पोटात खरं होकायंत्र हवं होतं.

"सर, त्यासाठी शेवटच्या प्रकरणांत गोल खाच पाडावी लागेल," सुवर्णा म्हणाली. "मजकूर कापला जाईल."

"शेवटच्याच ना? तिथवर कोण जातंय?"

"मागे कोरी पानं घालू, त्यांत पाडू."

"कोरी पानं घालून वाचकाला फसवायचं? माझ्या तत्त्वात बसत नाही."

तत्त्वांशी वाद घालण्याइतकी सुवर्णाची नोकरी पक्की नव्हती. अंबडच्या एका कारखान्यात पानांना खाच पडली. प्रकाशन समारंभात पाहुण्यांनी पेटी उघडली, होकायंत्राला "अद्भुत" म्हटलं आणि पेटी मिटली. आवृत्ती हातोहात संपली. तक्रार एकच आली, की सुई उत्तरेऐवजी पेटीच्या कडीकडे बघते.

मग एक दिवस सुमनबाई पगारे आल्या. निवृत्त शिक्षिका, लेकानं वाढदिवसाला पेटी दिलेली.

"अगं, तो खलाशी गुहेत उतरतो, मशाल पेटवतो, आणि पुढे भोक. बाहेर येतो का तो?"

इतक्या महिन्यांत गोष्टीबद्दल विचारणारं हे पहिलंच माणूस. सुवर्णाला भरून आलं. तिनं ती प्रकरणं संगणकावरून अखंड छापून दिली. सुमनबाई तिथेच बाकावर बसून वाचू लागल्या.

जयरामराव केबिनमधून बाहेर आले. त्यांनी सगळी हकिकत ऐकली, अन् त्यांचे डोळे चमकले.

"'हरवलेली पानं'! वेगळी पेटी काढू. सुवर्णा, मोहोर लाव."

"यात तरी खाच नको ना, सर?"

"म्हणजे काय? शिंपला कुठे बसवायचा मग?"

"जरा हळू बोला हो," सुमनबाई मान वर न करता म्हणाल्या. "गुहेत पाणी शिरलंय."