रंभाचं कोपर

दोन वर्षांपूर्वी लटारूनं लेकीला एका हाताला धरून बैलगाडीत ओढून घेतलं आणि पोरीचा हात लोंबला. हाडं बसवणाऱ्या पोचूनं तळवा वर फिरवला, कोपर दुमडलं, आत टक् झालं. घटकाभरात रंभा त्याच हातानं बोरं खाऊ लागली. म्हणून काल पाच वर्षांची रंभा तणसाच्या ढिगावरून पडली, कोपर सुजून टम्म झालं, तेव्हाही लटारूला पोचूच आठवला. यात आपलं काय चुकलं, हे त्याला कळत नव्हतं.

पोचूनं तसाच तळवा फिरवला, तसंच कोपर दुमडलं. टक् काही झालं नाही. मग बांबूच्या कामट्या लावून चिंध्यांनी करकचून आवळलं. "नऊ दिवस कोणी हात लावू नका. म्या बांधलं, मीच सोडीन. नाई तं हात आखडते."

आज सकाळी बोटं पांढरी पडली. लटारूची बायको गुणाबाई पोरीला कडेवर घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात निघाली. लटारू बडबडत मागोमाग आला.

डॉक्टर तरुण होता, तुसडा होता. "कोणत्या गाढवानं बांधलं हे?"

"गाढव नाई जी, पोचू हाये," लटारू म्हणाला.

डॉक्टरनं रंभाचं वाकडं बोट जरा सरळ केलं. सकाळपासून गप्प असलेली पोर किंचाळली. लटारू गोंधळला. मोडलं कोपर अन् दुखते बोट?

"बोटांत रक्त पोचत नाही. आत्ता सोडावं लागेल."

"पोचू जंगलात गेला जी. सांजले येते. त्याले बलावून आणतो."

"संध्याकाळपर्यंत हात मरेल."

"पोरगी जित्ती असून हात कसा मरते?"

डॉक्टर कात्री घ्यायला वळला. शिकलेल्यांची ही जुनी खोड. अडाण्याला शिवी देतील, चार शब्द समजावणार नाहीत. पोचू तरी कुठं समजावत होता? दोघंही हुकूम सोडत होते, आणि हात होता रंभाचा.

"तुमाले कसं समजलं, ते मले दाखवा," गुणाबाई म्हणाली.

डॉक्टरनं तिचं बोट धरून रंभाच्या चांगल्या मनगटावर ठेवलं. नाडी उडत होती. मग बांधलेल्या हाताच्या मनगटावर ठेवलं. गुणाबाईनं दाबून पाहिलं, बोट सरकवून पाहिलं.

"सोडा," ती म्हणाली.

"अवं, पोचू परत आपल्या घरी पाय नाई ठेवणार. उद्या कोणाचं हाड मोडलं तं कोणाकडं जाशीन?"

"तुमी भायेर बसा."

लटारू बाहेर गेला नाही. कात्री चालली. कामट्या पडल्या. डॉक्टरनं दुमडलेलं कोपर हळूहळू थोडं सरळ केलं आणि रंभानं दवाखाना डोक्यावर घेतला.

"हाडाचा फोटो चांद्याच्या मोठ्या दवाखान्यातच निघेल. दुपारच्या मोटारीनं जा. मी चिठ्ठी देतो. आणि बोटांवरून नजर हटू देऊ नका."

लटारूनं बोटांवर नजर रोखली. नखं लाल दिसत होती की त्याला तशी दिसायला हवी होती, काही उमजेना.

"लाल झाले का वं?"

गुणाबाईचं बोट मनगटावरच होतं. "गप बसा जरा. काईतरी उडून राह्यलं," ती म्हणाली. "पोरीचं हाये का माह्याच बोटाचं, समजत नाई."