चादर रिकामी

"चादर?" मागच्या अंगणातून हाक आली.

"रिकामी," मी स्वयंपाकघरातून उत्तर दिलं. एका कानाला फोन होता, गॅसवर भाजी लागायला आली होती, आणि चादरीकडे मी ढुंकूनही बघितलं नव्हतं. छत्तीस वर्षांची सवय आहे. त्यांनी विचारायचं, मी सांगायचं.

दुसऱ्या किकला म्हातारी धडधडली. नातीने "चला" म्हणून हुकूम सोडला आणि फाटक वाजलं.

"आई, तो गाडीचा आवाज आहे का?" फोनवर आमची मुलगी होती. "बाबा तिला घेऊन चाललेत?"

"पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येतील. दहा मिनिटांचं तर काम."

"मी आत्ता तुला तेच सांगत होते ना, नेऊ देऊ नकोस म्हणून. मागच्या महिन्यात काय झालं ते विसरलीस?"

"अगं, तू सांगेपर्यंत गेले ते," मी म्हणाले आणि गॅस बंद केला. तिला ड्यूटीवर हाक आली म्हणून तिने फोन ठेवला. ती नर्स आहे. रविवारी तिची पाळी असली की पोर आमच्याकडे असते.

म्हातारी म्हणजे आमची मोटरसायकल. ती माझ्याहून एका वर्षाने मोठी आहे, त्यामुळे घरात तो मान तिचा, मी अजून रांगेत आहे. लग्नाच्या वर्षी यांनी ती एका पहारेकऱ्याकडून भंगारात उचलून आणली. मला वाटलं होतं नवऱ्याला एकच बायको असते. तिच्या सुट्या भागांची दुकानं केव्हाच बंद पडली. जे मिळत नाही ते हे कानस घेऊन घरी घासून बनवतात. दर रविवारी तिचं काहीतरी उघडतं आणि काहीतरी मिटतं.

हे लिफ्टचे मिस्त्री होते. जन्मभर लोकांना वर नेलं आणि स्वतः तळमजल्यावर राहिले. त्या कामातली एक शिस्त त्यांनी घरी आणली. काम काढलं की आधी जुनी चादर अंथरायची. निघालेला भाग डावीकडून उजवीकडे ओळीने मांडायचा, बसवताना उलट यायचं, आणि शेवटी चादर रिकामी आहे हे दुसऱ्या माणसाने बघून सांगायचं. ज्याने काम केलं त्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. दुसरं माणूस घरात होतंच कोण? पोळ्या लाटता लाटता मी बाहेर यायचे, चादर बघायचे आणि सांगायचे.

मागच्या महिन्यात काय झालं ते मी विसरले नव्हते. हे दूध आणायला गेले आणि पाऊण तास आले नाहीत. मागच्या गल्लीत हिरव्या फाटकाचं एक घर आहे, तिथे कुणा परक्याच्या दाराला आपली किल्ली लावत उभे होते. घरी येऊन मला सांगितलं, "कुलूप बिघडलंय आपलं." मग आमच्याच दाराला किल्ली नीट फिरली तेव्हा माझ्याकडे बघून हसले.

पण त्याला सुरुवात वर्षापूर्वीच झाली होती. एका रविवारी चादर बघायला गेले तेव्हा ब्रेकच्या दांडीचा नट हाताने फिरत होता. चादर रिकामी होती, नट जागेवर होता, फक्त आवळायचा राहून गेला होता. मी बोलले नाही. पाना घेतला आणि आवळला. तेव्हापासून ते हात धुवायला आत गेले की मी मागून सगळं तपासते. कुठला पाना कशाला लागतो हे छत्तीस वर्षं हातात देऊन देऊन पाठ झालं आहे. वेळही भरपूर मिळतो. पूर्वी ते पाच मिनिटांत हात धुऊन यायचे, आता वीस-वीस मिनिटं लावतात. नळ सोडलेला, साबण वितळतोय. "अहो, हात धुताय की कातडी सोलताय?" असं मी ओरडते. मनातून मला ते बरंच असायचं.

आजही तसंच. मागचं चाक काढून त्यांनी ब्रेक साफ केला होता, चाक परत बसवलं होतं. ते आत गेल्यावर मी तपासायला बसले.

इथवर आठवलं आणि माझा हात गाऊनच्या खिशात गेला. भाजीचे हात पुसायला रुमाल काढत होते मी. बोटाला काहीतरी टोचलं.

ती पिन होती. स्प्लिट पिन म्हणतात, दोन पायांची, केसांच्या आकड्याएवढी. चाकाचा मोठा नट फिरून सुटू नये म्हणून त्यातून आरपार घालायची आणि पाय वाकवून ठेवायचे. मीच काढली होती. पिन असताना नट पान्याने फिरत नाही, म्हणून पक्कडीने पाय सरळ केले आणि ओढून घेतली. चादरीवर ठेवली नाही, ते अचानक आले असते तर दिसली असती. चोरटं काम खिशातच जातं. मग नट थोडा ढिला केला. आधी ढिला करावा, मग आवळावा, हे त्यांनीच शिकवलेलं. ढिला केला आणि आत फोन वाजला, भाजीचा वास आला, आणि मी उठले.

आवळला नाही. पिन घातली नाही. आणि वर तोंड करून म्हणाले, रिकामी.

त्यांना फोन लावला तर खिडकीच्या कट्ट्यावर त्यांचा फोन वाजायला लागला. शेजारीच गाडीबरोबर न्यायचं पान्यांचं पाकीट पडलेलं होतं, तेही घरीच. मी तशीच बाहेर पळाले. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात त्यांची.

कोपऱ्यावर येऊन उभी राहिले. रस्ता सरळ टाकीपर्यंत जातो आणि टाकीच्या पुढे उतार आहे. नात म्हणते उतारावर पोटात गुदगुल्या होतात, म्हणून हे तिला हमखास उतारावर नेतात. ती सात वर्षांची आहे. मागे बसून यांच्या पट्ट्यात दोन्ही हात घालते आणि डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, हॉर्न द्या करत असते. हे तिला फोरमन म्हणतात. मला दुसरं काही दिसेना. ते चाक तेवढं दिसत होतं, तिरकं होणारं.

समोरच्या शिंप्याने मशीन थांबवलं. "काय काकू, कुणाची वाट बघताय? काका काय पळून जायचे नाहीत या वयात."

"तुमची स्कूटर काढता का?" मी म्हणाले. "टाकीपर्यंत जाऊन बघा. यांना सांगा, गाडी आहे तिथे थांबवा. नुसतं थांबवा म्हणावं."

माझं तोंड बघून त्याची थट्टा जिथल्या तिथे विरली. किल्ली शोधायला तो आत गेला. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मी नवस बोलणारी बाई नाही, पण त्या वेळी कुणी काहीही मागितलं असतं तर देऊन टाकलं असतं. मला यांच्या डोक्याची भीती वाटत होती वर्षभर. रात्रंदिवस तीच धास्ती, आज काय विसरतील, उद्या काय विसरतील. आणि विसरले कोण, तर मी. करायला गेले एक आणि होऊन बसलं भलतंच. मुलीला काय सांगणार होते? कुठल्या तोंडाने सांगणार होते?

शिंपी किल्ली घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "ते काय, येताहेत की."

वळणावर आधी फोरमन दिसली, डोक्यावर हेल्मेट, चालत. तिच्या मागून हे गाडी ढकलत येत होते. मी शिंप्याच्या पायरीवरच बसले.

"आजी, चाक रडत होतं," नात लांबूनच सांगायला लागली. "टाकीच्या आधीच आजोबांना ऐकू आलं. मला नाही आलं. मग आम्ही उतारावर गेलोच नाही."

यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि ओठ पांढरे पडले होते. अंगणात येऊन त्यांनी म्हातारीला स्टँडवर घेतलं, पोरीला पाणी प्यायला आत पिटाळलं आणि स्टुलावर बसले.

"पिन नाही," ते म्हणाले. "नटही ढिला."

मी खिशात मूठ आवळून उभी.

"घातल्याचं आठवतंय गं. पाय वाकवले, एक वर, एक खाली, हेसुद्धा आठवतंय. विसरणं एक वेळ समजतं मला. पण न केलेलं केल्यासारखं आठवायला लागलं, तर मी धरायचं कशाला?" त्यांनी पालथ्या हाताने कपाळाचा घाम पुसला. "ती पाठीमागे बसून गाणं म्हणत होती."

मग खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्यासमोर धरली. "ठेव तुझ्याकडे. आणि लेकीला सांगून टाक, तिचं बरोबर होतं. डॉक्टरकडे न्यायचं म्हणते ना, ने म्हणावं."

मी किल्ली घेतली. खोटं कशाला बोलू, मोह झाला. गप्प बसले असते तर सगळं मिटत होतं. गाडी बंद झाली असती, मुलगी निश्चिंत झाली असती, आणि माझी चूक खिशातल्या खिशात राहिली असती. पण बरोबर आठवणाऱ्या माणसाला तुला चुकीचं आठवतंय असं मी कसं पटू देणार? उरलंय किती त्यांच्याजवळ, आणि त्यातलं खरं तेवढंही काढून घ्यायचं?

मी मूठ उघडली.

"तुम्ही घातली होती," मी म्हणाले. "मी काढली. तपासत होते. फोन आला आणि विसरले."

ते पिनकडे बघत राहिले. मला वाटलं आता हे भडकणार, आणि भडकले असते तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे मी घातली होती," ते म्हणाले.

"हो. वाकवलीही होती. एक पाय वर, एक खाली."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग म्हणाले, "तू मागून बघतेस ते माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"चेनच्या झाकणावर पिठाचा अंगठा उमटला होता. माझा हात काळा असतो, पांढरा नव्हे. नुसती बघत असशील असं वाटलं होतं, पाना लावत असशील असं नाही वाटलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू सोडून दिलं असतंस." ते आपल्या हातांकडे बघत होते. "हात धुवायला वीस मिनिटं लागतात का गं कुणाला?"

मला रडूच आलं. वर्षभर मी या भिंतीच्या अलीकडे घाबरलेली, आणि ते पलीकडे नळ सोडून उभे, माझं तपासून होईपर्यंत. आणि मी वर त्यांना साबणावरून बोलत होते.

"किती सापडलं?" त्यांनी विचारलं. लिफ्टच्या कामात वरचा साहेब विचारत असेल तसं.

"तीन. ब्रेकच्या दांडीचा नट, तेलाचं बूच." मी थांबले. "आणि चेनचा जोड धरणारी क्लिप."

"क्लिप," ते म्हणाले, आणि मान हलवली. तिसरं त्यांना लागलं, मला दिसलं ते. चेन तुटली की काय होतं हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे.

आतून नातीचा आवाज आला, दुरुस्ती झाली का, आपण परत कधी जायचं. त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"तिला आता मागे बसवायचं नाही," ते म्हणाले. "तेवढं तूच सांग. मला नाही सांगवणार."

"सांगते," मी म्हणाले. किल्ली मी परत दिली नाही आणि त्यांनी मागितली नाही.

मग ते उठले आणि चादर अंथरली. डब्यातून नवी पिन काढली. एकदा वाकवलेली पिन पुन्हा वापरायची नसते. ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि पाना पुढे केला. "तू लाव. मी स्टुलावर बसतो."

मी नट आवळला. पिन आरपार घातली, पाय वाकवले, एक वर, एक खाली. मग मी विचारलं, "चादर?"

ते वाकून नीट बघून म्हणाले, "रिकामी."

माझे हात काळे झाले होते. मी आत जाऊन नळ सोडला. खिडकीतून स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग त्यांचे गुडघे जमिनीला टेकल्याचा, आणि मग नटाला पाना लागल्याचा हलकासा टक्.

हात स्वच्छ झाले होते. मी पुन्हा साबण लावला.