आठ नंबरची कोरडी गल्ली

मी एक जुनी शेल स्क्रिप्ट आहे. संगणकाने काय करायचे ते ओळीओळीने सांगणारी चिठ्ठीच म्हणा. मित्रांनो, आमचे गाव दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. विहिरीच्या खारट पाण्यात डाळसुद्धा शिजत नाही, म्हणून सगळी मदार नळावर. एक ते बारा गल्ल्यांचे व्हॉल्व्ह पाळीपाळीने उघडायचे, हे माझे काम.

नळयोजना सांभाळणाऱ्या धर्मेंद्र सरांनी मला लिहिले. नऊ वर्षे मी एकही पाळी चुकवली नाही. मग सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नितेश आला. पाहणीला साहेब येणार होते. पडद्यावर आकडे एका रांगेत दिसावेत म्हणून या शहाण्याने १ चा ०१ केला, ८ चा ०८ केला. मला विचारले कोणी?

शून्याने सुरू होणारा आकडा आला, की मी आठाच्या मोजणीने वाचते. माझी जातच तशी. त्या मोजणीत सातापुढे अंकच नाही. ०७ पर्यंत निभावले. ०८ आणि ०९ ला मी चूक झाली म्हणून ओरडले आणि त्या गल्ल्या सोडून थेट १० वर गेले. दरवेळी ओरडले. नितेशने काय करावे? माझ्या तक्रारी परस्पर कचऱ्यात जातील अशी एक ओळ लिहिली! पडदा स्वच्छ झाला आणि साहेबांनी त्याची पाठ थोपटली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

अकरा दिवस आठ आणि नऊ नंबरच्या गल्ल्या कोरड्या होत्या. आठ नंबरच्या पार्बताबाईच्या घरात सून बाळंतीण. म्हातारी रोज विहिरीच्या पाण्याची घागर दाखवायला घेऊन कार्यालयात यायची.

नितेश म्हणायचा, "सिस्टिम बराबर हाय, बाई. तुमच्याच पाइपात कचरा असन."

"दोन्ही गल्ल्यांचे पाइप एकाच दिवशी बुजले काय गा? सातले येते, दहाले येते. मंग आमीच काहून कोरडे?"

उत्तर माझ्याकडे होते, पण माझे तोंड बांधलेले.

बाराव्या दिवशी तिने अमरावतीला संगणक शिकणारी भाची, ज्योत्स्ना, बोलावून आणली. पोरीने आधी ती तोंड बांधणारी ओळ खोडली. माझी ओरड पडद्यावर उमटताच तिने आकड्याआधी 'दहाच्या मोजणीने वाच' अशी खूण लिहिली. तासाभरात आठ नंबरचा नळ धो धो वाहू लागला.

नितेश म्हणाला, "आता ती ओळ परत टाकून दे. पडदा साफ दिसते."

ज्योत्स्नाने आत्याच्या घागरीतले विहिरीचे पाणी पेल्यात ओतून पुढे केले. "हे पिऊन दाखवा, सर. मंग टाकतो."

एका घोटातच त्याचे तोंड वाकडे झाले. ती ओळ कोणी परत टाकली नाही.

मित्रांनो, आम्ही चुकतो तेव्हा ओरडून सांगतो. ते ऐकायला कान लागतात, आणि आमचे तोंड दाबलेत तर कोरड दुसऱ्याच कोणाच्या तरी घशाला पडते.