मला नाकावरून उतरवा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे आणि जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगताना थोडं रडायचं असतं, एवढी रीत मला ठाऊक आहे. माझी डावी काच कोपऱ्यात तडकली आहे, उजव्या काडीला स्क्रूऐवजी तांब्याची तार आहे. म्हणजे रडायला सामान भरपूर आहे. पण मी रडणार नाही. मी भांडायला आलो आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी अकोल्याच्या बाजारात खुशालरावांच्या दुकानात माझा जन्म झाला. खुशालराव काच स्वतः घासायचे आणि घासताना गिऱ्हाइकाला उपदेशही करायचे. मला नत्थुजींच्या नाकावर चढवताना ते म्हणाले, "नत्थुजी, हा फक्त वाचाचा नंबर हाये. हा लावून रस्त्यानं चालसान, तर नालीत जासान."

"मले नाली पाहाची नाही, पेपर पाहाचा हाये," नत्थुजी म्हणाले आणि मला खिशात घालून बाळापूरच्या गाडीत बसले.

त्यांची बाळापूरजवळ आठ एकर काळी जमीन होती. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर मुंगीच्या पायाएवढी अक्षरं छापलेली असतात. ती वाचता येऊ नयेत, अशीच कंपन्यांची इच्छा असावी. गावातले शेतकरी बाटल्या घेऊन नत्थुजींकडे यायचे. ते मला नाकावर चढवून मोठ्याने वाचायचे : किती पाण्यात किती टाकायचं, वारा कुठून असताना फवारायचं नाही, पोटात गेलं तर काय करायचं. त्या गावातले किती लोक माझ्यामुळे जिवंत आहेत, हे कोणी मोजलेलं नाही. चष्म्यांना पुरस्कार देत नाहीत. मिळाला तो वाचणाऱ्याला मिळाला. पंधरा ऑगस्टला नत्थुजींच्या गळ्यात हार पडला आणि मी हाराखाली दबून गेलो.

त्यांची बायको गोदाबाई. तिला अक्षरओळख नव्हती आणि माझी गरजही नव्हती. अर्ध्या मैलावरून बैलांची चाल पाहून, गाडी कोणाची ते ती सांगायची. बावीस वर्षांत तिने मला दोनदाच हात लावला, तोही अंथरुणाखाली सापडलो म्हणून.

चार वर्षांपूर्वी नत्थुजी गेले आणि गोदाबाई अकोल्याला मुलाकडे आली. मुलगा किशोर, त्याचं बी-बियाणांचं दुकान. सून रागिणी शाळेत शिकवते. नत्थुजींची धोतरं वाटून टाकली, जोडे कोणाला तरी दिले. मला मात्र ठेवलं. कारण आमच्या वऱ्हाडात चष्मा ही माणसाची वस्तू नाही, घराची आहे. छत्री, बॅटरी, शेकायची गरम पाण्याची पिशवी, तसा चष्मा. ज्याचे डोळे कुरकुरतील त्याने घ्यावा.

गोदाबाईचे डोळे कुरकुरू लागले होते. तिला सगळं धुरकट दिसायचं. रागिणीने प्रेमानेच सुचवलं, "आई, बाबांचा चश्मा हाये ना घरात. तो लावून पाहा."

गोदाबाईने मला लावलं. आणि मित्रांनो, त्या दिवसापासून मी एका भल्या बाईचं नुकसान करू लागलो.

ते कसं, सांगतो. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. त्यामुळे तिचा नंबर उणेकडे सरकला होता आणि मी पक्का अधिकाचा. धुकं तिचं स्वतःचं होतं, त्यात मी माझी भर घातली. मला नुसतं काढून ठेवलं असतं, तर हातातली वस्तू तरी तिला बरी दिसली असती. पण मला तोंड नाही. आज ते या कागदावर उसनं मिळालं आहे, म्हणून बोलून घेतो.

मग घरात गमती होऊ लागल्या. घरच्यांना आधी त्या गमतीच वाटल्या. पांढऱ्या ओट्यावर पांढरं दूध ती पातेल्याच्या शेजारी ओतायची. दारात काळं पायपुसणं होतं. त्यावर पाय न देता, लुगडं वर धरून, नाला ओलांडावा तशी ती टांग टाकायची. खुंटीवरच्या रेनकोटाला "बसा ना" म्हणायची. एकदा तिचा धाकटा भाऊ बुधाजी धामणगावहून आला आणि दारात उजेडाकडे पाठ करून उभा राहिला. गोदाबाईने विचारलं, "कोन पायजे?" भाऊबीजेला हक्काने येणारा माणूस चहा न पिता स्टेशनवर परत गेला.

त्यानंतर गमती संपल्या. "आईचं डोस्कं गेलं," किशोर म्हणाला. शेजाऱ्यांनी लगेच दुजोरा दिला, कारण असल्या बाबतीत दुजोरा द्यायला शिक्षण लागत नाही. रागिणी शाळेत जाताना गॅसचा कॉक बंद करून स्वयंपाकघराला कुलूप लावू लागली. भीती खोटी नव्हती. पण पन्नास वर्षं चूल चालवलेल्या बाईला चहासाठी रागिणी परतेपर्यंत, म्हणजे साडेबारापर्यंत थांबावं लागलं. ती थांबता थांबता कमी बोलू लागली. कमी बोलते म्हणजे जास्तच गेलं, असाही निष्कर्ष निघाला.

अमरावतीहून एक संशोधन पथक अकोल्यात आलं होतं. म्हातारपणी विसरणं कसं वाढतं, याचा अभ्यास ते करत होते. किशोर आईला घेऊन गेला. तक्ता भरणाऱ्या मुलीने विचारलं, "चष्मा वापरतात का?" किशोर म्हणाला, "हो, घातलेलाच हाये." तिने चौकोनात बरोबरची खूण केली. त्या खुणेखाली मी गोदाबाईच्या नाकावर बसलो होतो, पुराव्यासारखा.

चित्रं दाखवली. कुलपाला ती "तांब्या" म्हणाली. कंगव्याला "कुंपन". घड्याळ काढायला सांगितलं, तर तिचे आकडे गोलाच्या बाहेर निघून गेले. तीसपैकी अकरा. कागदावर अकरा लिहिलं की ते माणसाला चिकटतं. अमरावतीत म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक खासगी संस्था आहे, तिथे किशोरने खोली बोलून ठेवली. तिथल्या लोकांना फक्त दुसऱ्या तपासणीचा कागद हवा होता. तोही अकरा आला, की गोदाबाईचं घर सुटणार होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं. अकरा गुणांच्या माणसाला विचारत नाहीत.

दुसरी तपासणी घरीच झाली. पथकाच्या मुख्य डॉक्टर अनुपमा स्वतः आल्या. त्यांनी कुलपाचं चित्र पुढे केलं. गोदाबाईने मला नाकावर खालीवर सरकवून पाहिलं. कंगव्याचं केलं. तिने मला पुन्हा सरकवलं. मग तिने एकदम चित्र ढकलून दिलं.

"मले नका दाखवू बाई. मले नाही दिसत याच्यातून."

"आई, असं नाही बोलत मॅडमले," रागिणी पुटपुटली.

अनुपमाबाईंनी पेन खाली ठेवलं आणि तक्त्यात नसलेला प्रश्न विचारला. "आजी, हा चष्मा कोणाचा आहे?"

"त्यायचा," गोदाबाई म्हणाली. "आमच्या घरच्यायचा."

"यातून दिसत नाही, तर काढत का नाही?"

"काढू कसा? सारंच तं देऊन टाकलं यायनं. एवढाच राह्यला त्यायचा." आणि मग, डोकं गेलेली बाई बोलते त्याहून फार ठणठणीत आवाजात, "चार वर्सं झाले. कोनं इचारलं मले?"

अनुपमाबाईंनी मला अलगद उतरवलं. गोदाबाईने चित्र हातात घेतलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाली, "कुलूप हाये. याची चाबी कोठी हाये?" चावीचं चित्र त्या संचात नव्हतं.

किशोर भिंतीला टेकून उभा होता. सव्वीस वर्षांत एवढ्या ताठ मानेने मी कोणाच्या नाकावरून उतरलो नव्हतो.

दोन महिन्यांत दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू निघाला. तिच्या स्वतःच्या मापाचा नवा चष्मा आला, हलका, दिसायला मामुली. मी त्याच्यावर जळत नाही. मला दोरी लावून तिने गळ्यात अडकवलं. आता मी तिच्या छातीवर लटकतो, ही जागा मला अधिक मानवते.

तिसऱ्या तपासणीत वीस गुण आले. किशोरला तीस हवे होते. अनुपमाबाई थापा मारणाऱ्या नव्हत्या. "नऊ गुण डोळ्यांनी अडवून ठेवले होते, ते सुटले," त्या म्हणाल्या. "उरलेलं विसरणं खरं आहे. ते वाढूही शकतं."

"म्हंजे बिमारी हायेच ना?"

"आहे. म्हणून काय दिसायलाही नको?"

किशोर अडकला. दुकान होतं, रागिणीची शाळा होती, बोलून ठेवलेली खोली होती. शेवटी तो म्हणाला, "आई, एक डाव पाहून तं येऊ." गोदाबाई नवा चष्मा लावून, मला गळ्यात घालून गाडीत बसली.

संस्था स्वच्छ होती. किशोर कागद भरायला ऑफिसात बसला. दिवाणखान्यात वीसेक म्हातारी माणसं भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिथे काम करणारी दीपमाला हसून पुढे आली आणि तिने हात केला. "आजी, चष्मे द्या. इथे जमा करतो आम्ही."

तिने टेबलाचा खण उघडला. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ पाहिलं, पण त्या खणात माझी जात पाहिली. काळे, तपकिरी, सोनेरी, एकमेकांत काड्या अडकलेले चष्मे. एकावरही नाव नाही.

"हे कोनाचे?" गोदाबाईने विचारलं.

"यायचेच सगळे. हरवतात, तुटतात, मंग घरचे मायाच नावानं ओरडतात. मी एकटी, मानसं वीस. म्हनून काढून ठेवते." दीपमाला वाईट नव्हती. ती दमलेली होती.

गोदाबाईने खुर्ची ओढली आणि खणासमोर ठाण मांडलं. "मी राहीन तं राहीन. पन आदी यायचे डोये यायले देऊन टाक."

"आजी, कोनता कोनाचा, मलेच मालूम नाही."

"तं इचार ना माय. तोंड हाये ना त्यायले."

ती उठेना. दीपमालाने ऑफिसाकडे पाहिलं, मग गोदाबाईकडे, आणि पदर खोचून खण उचलला. एकेकाला चष्मे लावून पाहणं सुरू झालं. हा नाही, तो नाही, हा जवळपास. कमलाकांत नावाचे एक निवृत्त वकील तीन महिन्यांपासून कोणाशी बोलत नव्हते. चौथा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर बसला. त्यांनी समोरच्या भिंतीकडे नीट पाहिलं.

"हे कॅलेंडर मागल्या वर्षीचं आहे," ते म्हणाले.

तीन महिन्यांतलं पहिलं वाक्य, आणि तेही तक्रारीचं. दीपमाला मटकन खाली बसली आणि हसू लागली. कॅलेंडर खरंच मागल्या वर्षीचं होतं.

एका म्हातारीला खणातला एकही चष्मा बसेना. दीपमालाचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आजी, तुमच्या गळ्यातला रिकामाच हाये, यायले देऊ का?"

गोदाबाईने मला मुठीत झाकलं. "नाही. हा लावून आंधयी होईन ते. तिचे डोये तपासून घे आदी."

तेवढ्यात किशोर ऑफिसातून दारात आला. हातात कागद होता, सही राहिली होती. तो खिडकीजवळ थांबला, पाठ फिरवून. गोदाबाईने दहा हातांवरून त्याच्याकडे पाहिलं.

"बुधा," ती म्हणाली, "काऊन रडून राह्यला रे?"

नाव चुकलं होतं. बुधा तिचा भाऊ, हा मुलगा. अनुपमाबाईंच्या तक्त्यात त्याचा एक गुण कापला गेला असता. पण तो रडत होता, हे बरोबर होतं, आणि त्या खोलीत ते दुसऱ्या कोणालाही दिसलं नव्हतं.

किशोरने कागदाची घडी केली आणि खिशात टाकली. "चाल आई. घरी जाऊ."

"थांब," गोदाबाई म्हणाली. "अजून सात राह्यले."

ते सात दीपमालाने आणि किशोरने मिळून संपवले. प्रत्येक काडीला चिकटपट्टी लावून नाव लिहिलं. अंधार पडायच्या आत आम्ही अकोल्याच्या गाडीत होतो.

तेव्हा मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी "आम्हाला जपा" असं विनवतात. मी विनवणार नाही, बजावणार आहे. मला जपू नका. आजोबांची आठवण म्हणून आजीच्या नाकावर मला चढवू नका. ज्याच्या आठवणीतून नावं पुसट होत चालली आहेत, त्याचे डोळे तरी तपासून घ्या, आणि चष्मा कपाटात नाही, त्याच्या डोळ्यांवर ठेवा. तुटला तर तुटू द्या, नवा आणा. आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला गुण देण्याआधी एकदा विचारा, "तुम्हाला दिसतं का?" उत्तर येईपर्यंत थांबा. ते येतं. गोदाबाईचं चार वर्षं तयारच होतं.